कासाबाईनं न घेतलेली किल्ली

"घ्या मनते ना किल्ली!"

"न्हाई घेत."

"कावून न्हाई घेत? दरसाली घेताव. यंदाच काय माजी किल्ली इटाळली का?"

"इटाळली न्हाई मनकर्णे. पर मला नको. तूच ठिव. जलमभर ठिव."

"जलमभर ठिऊ? अन् आखितीला बोचकं बांधून जाऊ कुठं? सरळ मना ना मावशी, निघ मना!"

"मी कुठं निघ मनायले?"

"मग घ्या किल्ली!"

"न्हाई घेत!"

पाडव्याच्या सकाळी मी पाट्यावर पुरण वाटत होते आणि मधल्या कुडापलीकडून हे भांडण कानावर आलं. उभ्या जन्मात मी भांडणं पुष्कळ ऐकली, थोडीफार केलीही. एकीनं नेलं म्हणून दुसरी भांडते, मागून दिलं नाही म्हणून भांडते. पण एक 'घे' म्हणून रडकुंडीला आलेली आणि दुसरी 'तूच ठेव' म्हणून, असं भांडण ते एकच. वस्तू तरी काय, तर वीतभर लांब लोखंडाची किल्ली. मला काही केल्या उमगेना. खरं सांगायचं तर त्या साली आमच्या सेलूत कोणालाच काही उमगत नव्हतं.

कासाबाई आमची शेजारीण, हटकराची. नवरा मेंढरं राखायचा. तो गेल्यावर तिनं कळप विकला आणि आमच्या कुडाला लागून माळवदाच्या दोन खोल्या बांधल्या. एकीत ती राहायची, दुसरी भाड्यानं. त्या एका खोलीवर तिची भाकर. लेक चारठाण्याला दिलेली, ती सणावारी यायची. कळपातली एक शेळी तेवढी तिनं विकली नव्हती. कपाळावर पांढरा टिळा होता म्हणून तिचं नाव चांदी. कासाबाई माणसांपेक्षा चांदीशी जास्त बोलायची. "माणूस मधीच बोलतंय," म्हणायची, "चांदी ऐकून घेती."

भाड्याच्या खोलीत मनकर्णा आणि तिचा नवरा आश्रुबा. मूळचे वालूरचे. आश्रुबा जिनिंगमध्ये कामाला, सकाळच्या भोंग्याला जायचा तो कपाशीची पांढरी मिशी लावून संध्याकाळी यायचा. मनकर्णाला माय नव्हती. कासाबाईला ती मावशी म्हणायची आणि चांदीला रोज सकाळी भाकरीचा तुकडा घालायची. त्यामुळं चांदी निम्मा दिवस तिच्याच दारात.

आमच्या गल्लीची एक रीत होती. पाडव्याला गुढी उभी राहिली की भाडेकरूनं ताटात कडुलिंब, गूळ आणि आपल्या खोलीची किल्ली घेऊन मालकाच्या दारात यायचं. किल्ली मालकाच्या हातावर ठेवायची. मालकानं ती गुढीला लावायची आणि साखरेची गाठी बांधून परत द्यायची. झालं, वर्षाचं राहणं ठरलं. कागद नाही, शाई नाही. किल्ली परत आली नाही, किंवा मालकानं ती हातातच घेतली नाही, तर भाडेकरूनं समजून घ्यायचं आणि आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत खोली मोकळी करायची. कोणी तोंडानं 'निघ' म्हणत नसे. तेवढी लाज लोकांत होती.

निजामाचं राज जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. नवे कायदे असे यायचे की जुना समजेस्तोवर दुसरा दारात. शेताचा कूळकायदा आला तेव्हा मोठमोठ्या जमीनवाल्यांचं जेवण तुटलं. त्याच्या पाठोपाठ हा घरभाड्याचा. त्यात होतं काय, ते कोणी वाचलं नव्हतं. सांगत मात्र सगळे होते. कोणी म्हणे भाडं वाढवता येणार नाही. कोणी म्हणे भाडेकरूला काढताच येणार नाही. चौकातला न्हावी म्हणे, "कसंल त्याचं शेत झालं, आता राहील त्याचं घर व्हणार." न्हाव्याचं सगळ्यांना पटलं, कारण ते सगळ्यात जास्त भ्यायला लावणारं होतं.

मग गावातल्या घरमालकांनी संघ काढला. अध्यक्ष माणिकराव. त्यांची अडत होती आणि स्टेशनाकडं बारा खोल्या. माझे सासरे दिनकरराव चिटणीस. त्यांची आमच्या परसात एकच खोली भाड्यानं, पण ओसरी लांबरुंद, म्हणून चिटणीस. ती ओसरी म्हणजे संघाची कचेरी. ज्याचं एक दार भाड्यानं, तोही मेंबर, असं ठरलं. त्यामुळं कासाबाईही मेंबर झाली. बाईमाणूस ती एकटीच. ती चांदीला बाहेर खुंट्याला बांधून यायची आणि खांबाला टेकून, पदर पुढं ओढून बसायची. मी आतल्या दाराआड कपबशा विसळायची. त्या संघाच्या काळात आमच्या कपबशा लय स्वच्छ होत्या.

पाडव्याच्या चार दिवस आधी बैठक झाली. माणिकराव म्हणाले, "कायदा मनतो, भाडेकरूला काढायचं न्हाई. बरं, न्हाई काढत. पर भाडेकरूच जर सोताच्या पायानं आला, अन् सोताच्या हातानं किल्ली देऊन गेला, तर? त्यानं खोली सोडली का न्हाई?"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "सोडली की!"

"मग पाडव्याला किल्ल्या घ्या अन् माघारी देऊ नका. हितं कचेरीत आणून खुंटीला लावा. मग बघू कायदा काय मनतो."

कासाबाईनं पदराआडून विचारलं, "अन् गाठी?"

"कसली गाठी?"

"किल्लीसंगं द्यायची असती ती. ती कुणाला द्यायची?"

"खाऊन टाका!" माणिकराव म्हणाले, आणि ओसरीभर हसू पिकलं.

कागदावर अंगठे घ्यायचे ठरलं होतं. पण कागदाचं काय, उद्या एखादा म्हणेल हा अंगठा माझा नव्हेच. म्हणून मामंजींनी ताटात बेलाची पानं आणि भंडारा मांडला. प्रत्येकानं बेलभंडार उचलायचा आणि म्हणायचं, 'पाडव्याला माझ्या हातात आलेली किल्ली मी माघारी देणार नाही, आणि ही गोष्ट भाडेकरूला सांगणार नाही.'

कासाबाईची पाळी आली तेव्हा ती ताटाकडं बघत राहिली. "मालक, न्हाई उचलला तर?"

"तर खोली गेली तुमची," मामंजी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. "मनकर्णा उद्याच्याला मालकीण अन् तुमी रस्त्यावर."

कासाबाईनं उचलला. थोडा भंडारा लुगड्यावर सांडला. देव खंडोबा, आणि नवऱ्याचं नावही मल्हारी. ते नाव तिनं कधी तोंडानं घेतलं नव्हतं. त्याच्या नावाचा भंडारा उचलून खोटं पडणं तिच्याच्यानं होणार नव्हतं, हे ओसरीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर कागद बाजूला ठेवून ताट मांडलं होतं.

हे सगळं मी ऐकलेलं. तरी पाडव्याचं भांडण मला उमगलं नाही, कारण पुरुषांचं बैठकीतलं बोलणं खरं व्हायचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या घरात तर कधी झालं नव्हतं.

पलीकडं दोघींची 'घ्या' आणि 'न्हाई घेत' चाललेली असताना आमच्या दारात येडबा आला. परसातल्या खोलीत तोच राहायचा. म्हातारा, एकटा, घोंगड्या विणायचा. दिवसभर त्याच्या मागाची खटखट ऐकू यायची. ती थांबली की सासूबाई म्हणायच्या, बघ ग, येडबाला बरं आहे ना. त्यानं धोतर धुऊन नेसलं होतं. ताट मांडलं आणि किल्ली मामंजींच्या हातावर ठेवली.

मामंजींनी ती ओसरीतल्या पहिल्या खुंटीला लावली.

येडबा हात पुढं करून उभाच राहिला. त्याला वाटलं मालक गाठी आणायला जातील.

"झालं येडबा. जा आता."

"जी. गाठी मालक?"

"यंदा न्हाई."

तो हात तसाच होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पाट्याकडं बघितलं. पुरणात एकही गुठळी राहिली नव्हती तरी मी वाटत होते. मग तो "बरं जी" म्हणाला आणि रिकामं ताट घेऊन परसात गेला. त्या दिवशी मागाची खटखट झाली नाही.

तेव्हा कुठं मला पलीकडचं भांडण समजलं. किल्ली हातात घेतली तर माघारी देता येत नाही, म्हणून कासाबाई घेतच नव्हती. मनकर्णाला वाचवायला बघत होती बिचारी. आणि मनकर्णाला वाटत होतं, मावशीनं किल्लीला हातसुद्धा लावला नाही, म्हणजे आपलं अन्नपाणी उठलं. आणि आणेमुळं कासाबाईला सांगायची चोरी. मी पुरणाचा हात तसाच घेऊन कुडाशी गेले, चौथऱ्यावर चढून बघितलं.

मनकर्णाचा धीर सुटला होता. "तुमी न्हाई ना घेत? तर मग तुमची चांदी घेईल!" असं म्हणून तिनं दारातल्या चांदीच्या गळ्यातल्या दाव्याला किल्ली करकचून बांधली, शेळीला मालकिणीकडं ढकललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. दाराआडून तिचं हुंदके देणं मला ऐकू येत होतं.

चांदी चार पावलं चालून कासाबाईपुढं उभी राहिली. किल्ली घंटीवर आपटत होती.

"काय आणलंस ग?" कासाबाई म्हणाली आणि सवयीनं हात पुढं केला. मग तवा तापलेला असावा तसा मागं घेतला. उंबऱ्यावर बसली. शेळी तिच्याकडं बघायली, ती शेळीकडं. इतका वेळ गेला की मी पुरण विसरले आणि सासूबाईंनी आतून दोनदा हाक मारली.

मग कासाबाई उठली. तिनं चांदीचा कान धरून तिला गुढीपाशी नेलं आणि तिची मान गुढीच्या काठीला लावली. तेवढ्यात चांदीनं गुढीचा कडुलिंब खाऊन घेतला. कासाबाईनं गुढीवरची गाठी काढली, चांदीच्या गळ्यात घातली. किल्लीला बोट लागू दिलं नाही. आणि पुठ्ठ्यावर थाप मारून म्हणाली, "जा. दे नेऊन."

दोन दारांत दहा पावलंही नव्हती. चांदीनं मनकर्णाच्या दाराला शिंगं घासली. दार उघडलं. मनकर्णानं किल्ली बघितली, गाठी बघितली, आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागली.

"अवं मावशी, मग तोंडानं सांगायला काय झालतं?"

"ते सांगता येत न्हाई."

"कावून?"

"तेबी सांगता येत न्हाई," कासाबाई म्हणाली आणि चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी कचेरी भरली. खुंट्यांना अकरा किल्ल्या लागल्या होत्या. माणिकरावांच्या भाडेकरूंना कुठून वास लागला कोणास ठाऊक, त्यांतले निम्मे किल्ली घेऊन आलेच नव्हते, म्हणून माणिकराव आधीच तापलेले.

"कासाबाई, तुमची किल्ली?"

"आली न्हाई माज्या हातात."

"तुमचा भाडेकरू आलाच न्हाई?"

"आली व्हती की. मी घेतली न्हाई."

"मग खोली मोकळी करतेत का ते?"

"न्हाई. त्यांना गाठी पोचली."

माणिकराव मामंजींकडं बघायले, मामंजी छताकडं. "किल्ली घेतली न्हाई अन् गाठी पोचली? कुणी पोचिवली?"

"चांदीनं."

"चांदी कोण?"

"ती काय, बाहीर बांधलीय."

सगळ्यांच्या माना बाहेर वळल्या. चांदी संघाच्या फलकाचा कोपरा चावत होती. आधी एक हसला, मग सगळी ओसरी. माणिकराव तेवढे हसले नाहीत.

"शेळी तुमचीच ना?"

"माजीच."

"मग तिनं घेतली म्हंजी तुमीच घेतली."

"आसं कसं? तिला हात हायेत का? अन् ती संघात कुठं हाय? तिनं भंडार उचलला न्हाई."

"बेलभंडाराची आण मोडली तुमी, बाई!"

कासाबाईचा चेहरा उतरला, कारण हीच भीती तिला काल सकाळपासून होती. पदर सावरून म्हणाली, "मोडली आसंल तर देव बघंल मालक. मला ठावं न्हाई. मला येवढंच कळतंय, तुमी मनले खोली वाचवा. खोली हाय. खोलीत माणूस बी हाय. आता अजून काय वाचवायचं ऱ्हायलं?"

एक जण म्हणाला, आणेत 'जनावराच्या गळ्यात आलेली' असंही घालायला पाहिजे होतं. दुसरा म्हणाला, मग पुढल्या साली मांजर येईल. चहा झाला आणि बैठक उठली.

आखितीच्या आधी तीन-चार दिवस येडबानं माग सोडला. काठ्या घोंगडीत गुंडाळल्या, खांद्यावर घेतल्या, मामंजींना रामराम घातला. मामंजी म्हणाले, "मी तुला काढलं न्हाई हं येडबा. तूच किल्ली दिलीस." तो म्हणाला, "जी, मीच दिली." मी सैपाकघरातून बघत होते. बाहेर येऊन दोन शब्द बोलले असते तर मला कोणी फासावर दिलं नसतं. बोलले नाही.

पुढच्या महिन्यात संघानं परभणीहून वकील आणला. त्यानं खुंट्यांकडं बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पाडव्याला दिलेल्या किल्लीनं खोली सुटत नाही. भाडेकरूनं अर्ज केला तर तुम्हीच अडचणीत याल. मालक उठून आपापल्या किल्ल्या काढून घेऊन गेले. दहा भाडेकरू आखिती उलटली तरी हलले नव्हते, त्यांना दहा किल्ल्या परत मिळाल्या. अकरावी येडबाची. ती परत देण्यासाठी मामंजी एकदा वालूरच्या बाजाराला आणि एकदा झरीला जाऊन आले. कोणी म्हणालं इकडून गेला, कोणी म्हणालं इकडं आलाच नाही. किल्ली पहिल्या खुंटीवरच राहिली. परसातली खोली मामंजींनी पुन्हा भाड्यानं दिली नाही. दिली तर घेणारा मालक होईल ही भीती गेली नव्हती. दाराला वाळवी लागली. कायदा भाडेकरूसाठी, संघ मालकासाठी, आणि खोली मिळाली वाळवीला. यात जिंकलं कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

संघ मोडला. पुढं आम्ही हैदराबादेतून मुंबई राज्यात गेलो, तेव्हा माणिकरावांनाही सांगता येईना की आता कायदा कोणता. पण कासाबाई दर पाडव्याला किल्ली घेईना. मनकर्णा चांदीच्या गळ्यात बांधायची, कासाबाई गाठी घालून धाडायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, आता संघच न्हाई. घ्या की हातात."

"संघ माणिकरावनं मोडला ग. भंडारा कुणी मोडला?"

"पण तुमी लय शक्कल काढली."

"मी कुठली? मला तर काई सुदरलंच न्हाई. चांदी उभी ऱ्हायली मनून झालं." मग आमच्या परसाकडं बघून, "येडब्याजवळ शेळी नव्हती ग. घोंगड्या व्हत्या नुसत्या."

पुढं चारेक वर्षांनी, महाराष्ट्र व्हायचा होता त्या सालची गोष्ट. कासाबाई शिमग्यापासून खोकत होती, चारठाण्याची लेक येऊन राहिली होती. लेक म्हणाली, "माय, यंदा मी देते नेऊन." कासाबाई म्हणाली, "तुज्या हातानं कशी देशील? ते हातानं द्यायचं न्हाई." पाडव्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली. पण पाडव्याला ती उठली होती, आणि मी नेहमीसारखी कुडाशी होते.

आधी ती काठी टेकत आमच्या परसात आली. येडबा गेला त्याच्या पुढल्या पाडव्यापासून ती दरसाली हे करायची. वाळवीनं खाल्लेल्या दाराच्या कुलपाला एक गाठी अडकवायची. मामंजी बघायचे आणि ती तिथंच राहू द्यायचे. संध्याकाळपर्यंत मुंग्या ती गाठी संपवायच्या. त्या दिवशीही अडकवली, दोन मुंग्या आधीच हजर होत्या. "घ्या बाई," त्यांना म्हणाली, आणि घरी गेली.

चांदी मरून वर्ष झालं होतं. आता तिची लेक, काळी, बिनटिळ्याची. मनकर्णानं तिच्या गळ्यात किल्ली बांधली, गाठ ओढून बघितली आणि सोडून दिली. ती वाटेत थांबली, केरसुणीची काडी तोंडात धरून आली. कासाबाईनं तिला गुढीपाशी नेलं, मान काठीला लावली. तिनं पाला खाल्ला. कासाबाईनं गुढीवरची गाठी काढली, धाप लागली म्हणून थोडं थांबली, मग किल्लीला बोट न लावता ती गळ्यात घातली आणि पुठ्ठ्यावर थाप मारली.

"जा. दे नेऊन."